रत्नागिरी आमच्या मुलांना मानवेल का? एका कुटुंबाचा दीड वर्षाचा शोध

डिसेंबर २०२३ मधली रत्नागिरीतली संध्याकाळ. मांडवीच्या धक्क्याशेजारी काळ्या वाळूत आमची मुलगी खड्डा खणत बसली होती आणि धाकटा त्या खड्ड्यात एकेक शिंपला टाकत होता. सलग दीड तास दोघांपैकी कुणीही आमच्याकडे मोबाइल मागितला नाही. परत वर चढताना पत्नी म्हणाली, "इथेच राहायला येऊ या का?" मी हसलो नाही, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला आम्हाला दीड वर्ष लागलं. उत्तर 'हो' असं आलं, पण डिसेंबरात जे घर आणि जी कारणं डोळ्यांसमोर होती, त्यातलं जवळजवळ काहीच शेवटपर्यंत टिकलं नाही. लहान मुलं घेऊन समुद्राकाठच्या गावात जायचा विचार बरेच जण करतात आणि हवामान सगळ्यात गोड असतं तेव्हा, दोन दिवसांच्या मुक्कामावर, ठरवून मोकळे होतात. म्हणून आमचं प्रकरण जसं घडलं तसं मांडतो आहे.

घरची परिस्थिती

आम्ही डोंबिवलीत राहत होतो. मी एका खासगी कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, महिन्यातून एकदा कार्यालयात गेलं की बाकीचं घरून चालतं. पत्नी फिजिओथेरपिस्ट. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, मुलगा अडीचचा. माझी आई आमच्याबरोबर असते, वय सदुसष्ट. रत्नागिरीत पत्नीचे मामा-मामी टिळक आळीत राहतात, म्हणून गाव अगदीच परकं नव्हतं.

मुलाला दीड वर्षाचा असल्यापासून सर्दी झाली की छातीत घरघर सुरू व्हायची. २०२३ या एका वर्षात आम्ही त्याला पाच वेळा रात्री दवाखान्यात नेलं. बांधकामाची धूळ, रस्त्याची धूळ, हिवाळ्यातली धुरकट हवा, प्रत्येक वेळी कारण वेगळं. "समुद्राची हवा त्याला मानवेल," हे घरात सगळे म्हणत होते, आणि जायचं हे आमचं सगळ्यात मोठं कारणही तेच होतं.

डोंबिवलीच्या आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र आम्हाला थांबवलं. त्यांचं म्हणणं असं, की धूळ कमी होईल हे खरं, पण कोकणात पावसाळ्यात घरात ओल धरते, भिंतींना आणि कपाटांना बुरशी येते, गाद्यांतले धूलिकीटक दमट हवेत फोफावतात आणि दम्याच्या मुलाला हे सगळं धुळीइतकंच जड जाऊ शकतं. "डिसेंबरात कोणतंही गाव चांगलंच असतं. जुलैत आठ दिवस राहून या आणि मग मला फोन करा," असं त्या म्हणाल्या. आम्ही तेच केलं. आम्हाला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच होता असं मला आजही वाटतं.

डिसेंबरात आवडलेलं घर

त्याआधी डिसेंबरातल्या घराविषयी सांगायला हवं. मांडवीच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जांभ्या चिऱ्याचं जुनं कौलारू घर भाड्याने मिळत होतं. पडवीतून पाणी दिसायचं. भाडं आमच्या डोंबिवलीच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी. मालकीणबाई प्रेमळ, मागे विहीर, चार माड. आम्ही बयाणा द्यायच्या बेतात होतो. मामांनी फक्त एवढंच म्हटलं, "घाई कशाला? घर कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला मिऱ्याच्या बाजूला घेऊन गेले. तिथे किनाऱ्याला लागून एक मोठं जहाज रुतून बसलं होतं, बसरा स्टार. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ते भरकटत येऊन तिथे अडकलं. त्या वादळाचा मुख्य तडाखा रायगड जिल्ह्याला बसला होता, रत्नागिरी बाजूला होती, तरी एवढं धूड समुद्राने उचलून बंधाऱ्याशी आणून टाकलं. मुलीला ते खेळण्यातल्या बोटीसारखं वाटलं आणि तिला जवळ जायचं होतं. मामा तिला म्हणाले, "बाय, ही बोट समुद्राने इथे ठेवलेय. तो कुठवर येतो ते बघून ठेव." मला वाटतं, ते वाक्य माझ्यासाठी होतं.

५ जुलै २०२४

आम्ही मुद्दाम अमावास्येला पोचू असं आलो. रात्रीच्या गाडीने शुक्रवारी सकाळी उतरलो. स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटर लांब, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. पाऊस असा, की रिक्षाचा पडदा लावूनही मुलं भिजली.

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकडा वाचणं वेगळं आणि त्यात दोन मुलांचे कपडे वाळवणं वेगळं. तिसऱ्या दिवशी काडेपेटी पेटेना. मिठाच्या बरणीला पाणी सुटलं. बॅगेत राहिलेल्या माझ्या चामड्याच्या चपलेवर पांढरट-हिरवी बुरशी आली होती, मखमलीच्या कापडासारखी. मामींच्या घरी दोऱ्या माजघरात बांधलेल्या, खाली शेगडीची ऊब, आणि प्रत्येक कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "भिंतीला टेकवलंस तर मागून कुजतं ते. वाऱ्याला वाट ठेवायची."

पोचलो त्याच दिवशी साडेअकराच्या सुमारास मांडवीला गेलो होतो. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी, तो भांग. आम्ही अगदी उधाणाच्या वेळी तिथे उभे होतो. डिसेंबरात मुलीने जिथे खड्डा खणला होता तिथे वाळूच नव्हती. लाटा कठड्यावर फुटत होत्या आणि फवारा रस्त्यावर येत होता.

तिथून आम्ही ते घर पुन्हा पाहायला गेलो. मालकीणबाईंनी आनंदाने उघडून दाखवलं. समुद्राच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं लावलेली होती, म्हणजे घर नीट राखलेलं होतं, त्यात त्यांचा काहीच दोष नाही. मामांनी आतल्या भिंतीवर हात ठेवला, मग मला ठेवायला सांगितला. तळवा ओला झाला. मुलांसाठी जी खोली ठरवली होती तिच्या कोपऱ्यात वाशापासून खाली माणसाच्या उंचीएवढा काळपट पट्टा उतरला होता. खिडकीचे गज गंजून पापुद्रे सुटले होते. धाकटा आत पाच मिनिटं असेल, खोकायला लागला. पत्नी त्याला घेऊन पडवीत गेली आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. घराचा विषय तिथेच संपला. मला पाणी दिसणाऱ्या त्या पडवीचं फार वाईट वाटलं, हे लपवत नाही.

अडकलेले दोन दिवस

आमचं परतीचं तिकीट रविवार, १४ जुलैचं होतं. त्या संध्याकाळी खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वे बंद पडली. पावसाळ्यात गाड्या मुळातच वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात. दरड आली की तेही नाही. महामार्गावरही परशुराम घाटासारख्या जागा आहेत. म्हणजे जुलैत मुंबई हातात नसते, हे धरूनच चालायला हवं. ज्याची नोकरी 'उद्या सकाळी हजर हो' अशी असेल त्याने याचा विचार नीट करावा. माझी तशी नाही, म्हणून मी हे सोसू शकतो.

आम्ही मंगळवारपर्यंत राहिलो आणि जे कळायचं ते त्याच दोन दिवसांत कळलं.

सोमवारी रात्री मुलाची छाती भरली. पावणेदोनला उठून बसला, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. वीज गेलेली. आमचा दम्याच्या औषधाचा पंप आणि त्याला जोडायची नळी (स्पेसर) बरोबर होती, पण दोन फेऱ्यांनंतरही श्वास सावरला नाही. मामांनी एक फोन लावला, पलीकडून उत्तर आलं, आणि आम्ही गाडीतून मारुती मंदिराच्या बाजूच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात गेलो. दारापासून दारापर्यंत अकरा मिनिटं. इन्व्हर्टरवर दिवा लागलेला, नर्स जागी, डॉक्टर वरच्या मजल्यावरून खाली आलेले. नेब्युलायझर लावला, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, वीस-वीस मिनिटांनी तीन वेळा वाफ दिली. चार वाजता तो माझ्या मांडीवर झोपला. बाहेर पागोळ्यांचा आवाज आणि आत त्याचा श्वास, मी दोन्ही मोजत बसलो होतो.

सकाळी मी त्या डॉक्टरांना सरळ विचारलं, की आम्ही इथे राहायला आलो तर? त्यांनी धीरही दिला नाही आणि घाबरवलंही नाही. "हे आम्ही रोज सांभाळतो," ते म्हणाले. "व्हेंटिलेटर, मुलांचा हृदयविकार, मेंदूचं काही, असं मोठं असेल तर कोल्हापूर." कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. पावसात, रात्री, रुग्णवाहिकेत ते किती तासांचं होतं हे ज्याचं त्याने मनात धरावं. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, जिल्हा रुग्णालय आहे, पण आजारी मुलाच्या आईबापांनी आज काय आहे तेवढंच मोजावं, पाच वर्षांनी काय होईल ते धरू नये.

मग मी आणखी एक चौकशी केली. रत्नागिरी फुरशांचा मुलूख. हा साप वीतभर-हातभर लांबीचा, रंग मातीचा, गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) फटींत आणि पाचोळ्यात असतो. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. मुलाचं वजन कमी, विष तेवढंच. त्यात कोकणातला लाल विंचू. तो चावलेल्या मुलाचं हृदय धोक्यात येतं, आणि त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी किती जीव वाचवले ते इकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. सरकारी दवाखान्यात सापाची लस आहे का हे मी स्वतः जाऊन विचारलं. आहे, असं उत्तर मिळालं. मामींनी मुलीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गडग्यात हात घालायचा नाही आणि चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. ती आजही झटकते, चौथ्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या घरीसुद्धा.

समुद्र

विचित्र वाटेल, पण या सगळ्यात समुद्राचा विचार सगळ्यात शेवटी झाला. भाट्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांब, सपाट, सुरूच्या सावलीचा. मुलांना सोडावंसं वाटतं. पण त्या पुळणीच्या एका टोकाला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते. पाणी उतरायला लागलं की खाडीतलं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर खेचलं जातं. जाळं विणत बसलेल्या एका वयस्क खारव्याने मला बोटाने ती जागा दाखवली. "सुकती लागली की मुखाकडे पोर न्यायचा नाय. पानी शांत दिसतंय, पन ओढ आतनं आहे." मोठ्याच्या पोटरीएवढं पाणी अडीच वर्षांच्या पोराच्या गुडघ्याला लागतं, आणि त्याला पाडायला तेवढी ओढ पुरते.

इथल्या कोळीवाड्यांतली पोरं पाण्याला भितात असं नाही, पण कुठे जायचं नाही हे त्यांना घरातूनच मिळतं. बुडतात ते बहुतेक बाहेरून आलेले. गणपतीपुळ्याला दर हंगामात काय होतं ते वर्तमानपत्रात येतच असतं. किनाऱ्याजवळ राहायला गेलं की मुलं आपोआप पाण्याला सरावतात, या समजाची मला भीती वाटते. आम्ही घरात नियम केला. जून ते सप्टेंबर पाण्याला पाय लावायचा नाही, मच्छीमार जेव्हा होड्या वर ओढून ठेवतात तेव्हा आपणही घरी. यंत्राच्या होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंदच असते, हे मुलीला सांगितल्यावर तिला ते लगेच पटलं. "होड्यांना पण सुट्टी," म्हणाली. उरलेल्या महिन्यांत एक मोठं माणूस एका मुलामागे, हाताच्या अंतरावर, मोबाइल पिशवीत.

एप्रिल २०२५ आणि निर्णय

तिसरी फेरी एप्रिल महिन्यात, पाण्याची चौकशी करायला. गावाला शीळ धरणातून पाणी येतं. तेव्हा मामांच्या आळीत नळाला एक दिवसाआड पाणी होतं, म्हणजे टाकी आणि विहीर दोन्ही असलेलं घर पाहायचं हे ठरलं. उकाडा डोंबिवलीपेक्षा वेगळा नाही. आंबे मात्र होते आणि मुलांनी त्या आठवड्यात दुसरं फारसं काही खाल्लं नाही.

शाळा तेव्हाच पाहिली. मुलगी मराठी माध्यमात होती आणि तिला तिथेच ठेवायचं होतं. डोंबिवलीत तशा शाळा शोधाव्या लागत होत्या, इथे निवड करायला मिळाली. मी वर्गापेक्षा शाळा सुटतानाची वेळ पाहिली. दुसरी-तिसरीतली मुलं दोघं-तिघं मिळून चालत घरी जात होती. दुकानदार त्यांना नावाने हाका मारत होते. आमच्या मुलीने सात वर्षांत एकही रस्ता एकटीने ओलांडला नव्हता. फाटकाशी उभं राहून हे बघताना पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जायचं खरं कारण आम्हाला तिथे सापडलं. हवा बरी-वाईट होत राहील, समुद्र चार महिने बंद असेल. पण जेमतेम ७६ हजार वस्तीच्या (२०११ची जनगणना) या गावात शाळा, दवाखाना, बाजार, मामींचं घर सगळं मुलाच्या पायांच्या टप्प्यात आहे.

म्हणून घर घेतलं ते वरच्या अंगाला, नाचणे गावाच्या बाजूला. समुद्र दिसत नाही. पहिला मजला, पूर्व-पश्चिम खिडक्या, दुपारचं ऊन मुलांच्या खोलीत येतं, विहीर आहे, आणि त्या दवाखान्यापर्यंत सहा मिनिटं. मांडवीच्या घरापेक्षा भाडं जास्त. अकरा महिन्यांचा करार केला, डोंबिवलीचं घर सोडलं नाही, भावाला राहायला दिलं. परतीची वाट उघडी ठेवणं मुलांच्या बाबतीत मला आवश्यक वाटलं.

पहिलं वर्ष

जून २०२५ मध्ये आलो. पहिल्या पावसाळ्यात मुलाला तीन वेळा रात्री न्यावं लागलं, त्यातलं दोनदा जुलैतच. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत एकदाही नाही. २०२३च्या अख्ख्या वर्षात पाच वेळा, इथल्या पहिल्या सात महिन्यांत तीन. चमत्कार झाला असं कुणी म्हणू नये. गाद्या दर ऊन पडलं की बाहेर काढतो, कपाटं चार बोटं पुढे आहेत, ओल शोषायचं यंत्र जून ते सप्टेंबर चालू ठेवतो आणि विजेचं बिल भरतो.

माझं इंटरनेट पावसात तीनदा पूर्ण गेलं, एकदा दोन दिवस. आता दुसरी जोडणी घेतली आहे. पत्नीला काम मिळायला तीन महिने लागले आणि ते दिवस तिला जड गेले. ज्या घरात दोघांचा पगार महिन्याच्या महिन्याला लागतो त्यांनी हे आधी हिशेबात धरावं. आई सगळ्यात लवकर रुळली.

डोंबिवलीच्या एका मित्राने विचारलं, आम्हीही येऊ का? त्याच्या मुलाला आठवड्यातून तीनदा वाचा-उपचार चालू आहेत आणि एका विशिष्ट बाईंकडे त्याने नुकतं बोलायला सुरुवात केली आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, आत्ता नको. दोन वर्षांनी पाहू. तो जरा नाराज झाला, पण त्या मुलाची ती बाई कुठल्याही समुद्रकिनाऱ्याहून जवळ असायला हवी.

परवा रविवारी मुलगी सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. धाकटा मागे बादली-फावडं घेऊन तयार. "आज दशमी," ती त्याला म्हणाली. "दहाचे पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातला भरती, मग पाणी उतरणार. सकाळी भाट्याच्या मुखाकडे नाही जायचं. पुळणीच्या मधे जाऊ, मी बाबांना विचारते." मग चपला उचलल्या, दोन्ही झटकल्या, आधी त्याच्या, मग स्वतःच्या.